काळी माती आणि चार टायर

मंडळी, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत 'कर्ता, कर्म, क्रियापद' शिकवलेल्या माणसाने टायरवर लिहावे, हे काहींना खटकेल. माझा रबराशी संबंध पेन्सिलीमागच्या खोडरबरापुरताच, असे आमच्या घरातही म्हणतात. पण परभणी जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला टायरवर मत नसणे म्हणजे कोकणात राहून होडीवर मत नसण्यासारखे आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण मोठ्या झोकात म्हणतो. जर्मनीतल्या रस्त्यांचे मला माहीत नाही, पण आपल्या परभणीत डांबर संपते तिथे काळी माती सुरू होते, आणि काळी माती सुरू झाली की भल्याभल्या गाडीची ऐट उतरते.

निमित्त माझ्या पुतण्याचे. त्याच्याकडे बोलेरो आहे. गाव ते परभणी रोजचे अठरा किलोमीटर डांबर, तेवढेच परत. गाव ते आखाडा तीन किलोमीटर गाडवाट, तीही काळ्या रानातून. (आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातले घर-गोठा. कुस्तीचा नव्हे, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी.) गाडीचे टायर झिजले, तेव्हा त्याने मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ पाहिले. हिमाचलातल्या नद्या ओलांडणाऱ्या, वाळवंटात उडणाऱ्या गाड्या. आणि ठरवले की आपल्याला मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे, चिखलातले टायर घ्यायचे. मला म्हणाला, "काका, तुम्ही बघाच, औंदा पावसाळ्यात थेट आखाड्याच्या दारात गाडी लावतो."

मी त्याला तिथल्या तिथे नाही म्हणालो नाही. मास्तरकीत एक गोष्ट शिकलो, की तरुण माणसाला 'नाही' म्हटले की तो हट्टाला पेटतो, आणि हिशोब मांडायला दिला की विचार करतो. म्हणून आम्ही दोघांनी हिशोब मांडला. तोच इथे लिहितो आहे, कारण त्याच्यासारखे पुष्कळ जण हल्ली याच विचारात दिसतात. मानवतला, सेलूला, गंगाखेडला टायरच्या दुकानासमोर उभे राहा, दहातला एक तरी तरुण हेच विचारत असतो.

आधी मातीचे बोलू, कारण टायरवाला मातीचे बोलत नाही. आपली जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण भरपूर, आणि त्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून उन्हाळ्यात रानाला हात-हात खोल भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तेच रान लोण्यासारखे होते. लोणी म्हटले तरी कमीच, कारण लोणी घसरते पण चिकटत नाही. आपली माती घसरतेही आणि चिकटतेही. दोन्ही दुर्गुण एकाच ठिकाणी असलेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात फक्त राजकारणात आहे. असो.

हे चिकटणे मी पुस्तकातून शिकलो नाही. जिंतूर तालुक्यात नोकरीला होतो तेव्हा सायकलने शाळेला जात असे. पहिला मोठा पाऊस झाला की वाटेत सायकलच्या मडगार्डमध्ये माती भरायची. चाकाच्या चार फेऱ्या झाल्या की चाक जाम. मग उतरायचे, बाभळीच्या काडीने माती कोरून काढायची, पुन्हा चार फेऱ्या, पुन्हा काडी. शेवटी सायकल खांद्यावर आणि चपला हातात, अशी गुरुजींची स्वारी शाळेत पोचायची. पोरे खो-खो हसायची. आमच्या भागात पावसाळ्यात कित्येक जण मडगार्ड काढूनच ठेवत, त्यामागे हेच कारण. अंगावर चिखल उडाला तरी चालेल, पण चाक फिरले पाहिजे.

आता टायरच्या नक्षीचा सगळा प्रश्न या काडीत आहे. टायरच्या ठोकळ्यांमधल्या ज्या खाचा असतात, त्यांचे काम जमिनीत रुतून धरणे. ती खाच मोकळी असेल तोवर टायर धरतो. तिच्यात माती भरून बसली की नक्षी गेली, आणि तुमचा महागडा टायर गोल, गुळगुळीत मातीचा गोळा होऊन बसतो. वाळूत, खडीत, मुरमात, पाणथळ पण रेताड चिखलात खाचेतली माती आपोआप झडते. आपली झडत नाही. कंपन्या तीन जातीचे टायर विकतात. एच.टी. म्हणजे डांबरी रस्त्याचे, बारीक नक्षीचे, एम.टी. म्हणजे चिखलाचे, मोठे ठोकळे आणि रुंद खाचांचे. आणि मधले ए.टी., म्हणजे 'सगळीकडचे'. ए.टी.ची खाच काळ्या चिखलात दहा-वीस पावलांतच भरते. एम.टी.ची रुंद खाच थोडी उशिरा भरते, आणि ती झाडायची तर चाक जोरात फिरवावे लागते. जोरात फिरवले की गाडी पुढे जाण्याऐवजी खाली जाते. ज्यांनी ट्रॅक्टर रुतवला आहे त्यांना हे सांगायला नको.

म्हणजे मग काळ्या चिखलात चालणारा टायरच नाही का? आहे ना. ट्रॅक्टरचा. त्याची ती तिरकी, उंच, एकमेकींपासून लांब असलेली कड पाहा. बाजूने मोकळी असल्यामुळे माती बाहेर ढकलली जाते, चाकाचा व्यास मोठा, आणि वजन वाढवायला टायरमध्ये पाणी भरतात. तरीही भरपावसात ट्रॅक्टर रुततोच. मग पुतण्याच्या मागच्या दोन चाकांवर ढकलल्या जाणाऱ्या बोलेरोने काय करावे? मी त्याला एवढेच विचारले, की तुझ्या गाडीला पुढच्या चाकांना इंजिनची ताकद जाते का? नाही जात. मग टायर बदलून ती जाणार आहे का? त्यावर तो गप्प बसला.

इथे थोडे मागे जातो. चाकाचा प्रश्न आपल्या लोकांनी पूर्वी कसा सोडवला होता, हे पाहण्यासारखे आहे.

माझ्या लहानपणी गावात एकही रबरी चाकाची गाडी नव्हती. बैलगाडीचे चाक म्हणजे बाभळीचे लाकूड, मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि वरून लोखंडी धाव. धाव बसवण्याचा दिवस म्हणजे आम्हा पोरांचा सण. लोहार जमिनीवर गोवऱ्यांचे कडे करून त्यात धाव तापवायचा. ती लालबुंद झाली की दोघे-तिघे सांडशींनी उचलून लाकडी चाकावर बसवत आणि लगेच पाणी ओतत. वाफेचा फूत्कार व्हायचा, लोखंड आकसायचे, आणि आऱ्यांचे सांधे करकर आवळले जायचे. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हा धडा पुढे शाळेत शिकवताना मला कधीच पुस्तक उघडावे लागले नाही.

हे चाक उंच आणि अरुंद होते. यात शहाणपण होते. चाक जितके उंच तितके ते खड्ड्यातून, ढेकळावरून सहज चढते, ओढायला हलके जाते. आणि अरुंद असल्यामुळे वरचा पातळ चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकते. अर्थात खाली घट्ट थर असेल तर! ज्या वाटेखाली मुरूम आहे तिथे हे चाक बिनतोड. पण जिथे पाच-सहा फूट नुसती काळी मातीच आहे, तिथे ते कापतच जाते आणि तुंब्यापर्यंत बुडते. तिथे खरे तर रुंद, मऊ चाक हवे, जे कापण्याऐवजी वर तरंगेल. म्हणजे 'रुंद टायर चांगला की अरुंद' या प्रश्नाचे उत्तर टायरात नाही, तुमच्या वाटेखाली काय आहे त्यात आहे. पुतण्याच्या वाटेला पहिले दोन किलोमीटर खाली मुरूम लागतो, शेवटचा एक किलोमीटर ओढ्याकाठची खोल काळी. एकाच गाडीला दोन चाके बदलता येत नाहीत!

पुढे टायरगाडी आली. आमच्या भागात ती ऊसतोडीच्या वाटेने आली. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जायची, तिथल्या कारखान्यांवर रबरी टायरच्या गाड्या होत्या. हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट पहिल्यांदा रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने ते पुन्हा शोधले, पोराच्या तीनचाकी सायकलसाठी. हा डनलॉप पेशाने गुरांचा डॉक्टर! म्हणजे गुरांच्या डॉक्टरने काढलेली वस्तू फिरून बैलांच्याच सेवेला आली, असे म्हणायला हरकत नव्हती. पण तसे झाले नाही. टायरची गाडी ओढायला हलकी, हे मालकाच्या लगेच ध्यानात आले, आणि त्याने बैलांचा भार कमी करण्याऐवजी गाडीतला ऊस वाढवला. तीन-तीन टनांपर्यंत ऊस लादलेली गाडी चढावर ओढणारे बैल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या हलक्या चाकाचा फायदा कुणाला झाला ते ठाऊक आहे. बेंगळुरूच्या आय.आय.एम.चे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारावी, बैलांचे हाल थांबावेत म्हणून कितीतरी वर्षे खटपट केली. व्यवस्थापन शिकवणाऱ्या माणसाला बैलगाडीचे महत्त्व कळले होते, ही गोष्ट मला फार आवडते.

टायरगाडीची गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी, की चाक सुधारले की माणूस सवलत घेतो. चांगला टायर बसवला की चिखलात आणखी शंभर पावले पुढे जाऊन रुततो. फरक इतकाच, की आता ओढून काढायला ट्रॅक्टर आणखी आत न्यावा लागतो.

आता डांबराकडे येऊ, कारण खरी भीती तिथे आहे. पुतण्याच्या रोजच्या चाळीसेक किलोमीटरात चिखलाची वाट सहा किलोमीटर. तीही आठ महिने कोरडी, विटेसारखी टणक असते. तेव्हा तिथे कुठलाही टायर चालतो. खरा चिखल वर्षातून चाळीस-पन्नास दिवस. बाकी सगळे डांबर आणि सिमेंट. त्यात महिन्यातून एक-दोनदा तो जालन्याला जाऊन समृद्धी महामार्गाला लागतो. सासरवाडी तिकडे आहे. सोबत बायको आणि दोन लेकरे.

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता झाला. सिमेंटचा, सरळ, १२० च्या वेगमर्यादेचा. सुरुवातीच्या काळात तिथे टायर फुटून झालेल्या अपघातांची इतकी चर्चा झाली, की २०२३ मध्ये परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासायला घेतले, झिजलेले टायर असलेल्या गाड्या परत पाठवल्या. टायर फुटतो तो सहसा खिळ्याने नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला दबते आणि उलगडते, त्याने रबर आतून तापते, तासन्‌तास तापते, आणि मग एका क्षणी थर सुटतात. झिजलेला, जुना किंवा क्षमतेपेक्षा जास्त वजन घेतलेला टायर लवकर शरण येतो.

चिखलाच्या एम.टी. टायरचे डांबरावर काय होते? ठोकळ्यांमधे मोठ्या खाचा म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी. ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आवाज इतका, की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. डिझेल जास्त. ठोकळे डांबरावर भरभर आणि वेडेवाकडे झिजतात. आणि या टायरांची वेगाची हद्दही अनेकदा साध्या टायरपेक्षा कमी असते. जून-जुलैत पावसाची झड लागलेली असताना, समोर अचानक म्हैस आली तर ती जास्तीची पाच-दहा पावले कुठून आणणार? मी पुतण्याला म्हणालो, आखाड्यावर गाडी रुतली तर तू चालत घरी येशील. रस्त्यावर गाडी थांबली नाही तर...? वाक्य पूर्ण करावे लागले नाही. सूनबाई तिथेच चहा घेऊन उभी होती, तिने ते मनातल्या मनात पूर्ण केले असावे.

या ठिकाणी एक गणित. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हे आवडेल. भरलेली बोलेरो ढोबळ मानाने दोन हजार किलोची धरा. एका चाकावर पाचशे किलो. टायरमधली हवा ३० पौंडांची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. पाचशेला २.१ ने भागा. साधारण २४० चौरस सेंटिमीटर आले. आपले पोस्टकार्ड १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचे. म्हणजे एक टायर जमिनीला टेकतो तो फक्त दोन पोस्टकार्डांएवढा! बायको, लेकरे, डबे, बोचकी सगळी आठ पोस्टकार्डांवर. त्या पोस्टकार्डावर रबर किती आणि खाच किती, याचा विचार माणूस टायर घेताना करतो का? तो टायर उभा ठेवून लांबून पाहतो आणि म्हणतो, "रुबाबदार दिसतोय."

याच गणितात चिखलाचा आणि वाळूचा एक उपायही दडला आहे, आणि तो फुकट आहे. हवा ३० वरून २० पौंडांवर आणली की तेच वजन जवळजवळ तीन पोस्टकार्डांवर पसरते. गाडी कमी रुतते. अडचणीच्या जागी, अगदी सावकाश चालवायचे असेल तर हे करावे. पण डांबर लागण्याआधी पुन्हा हवा भरायची, हे ज्याला जमणार नाही त्याने हवा कमी करूच नये. गाडीच्या लायटरवर चालणारा हवेचा पंप आणि हवा मोजायचे घड्याळ या दोन वस्तू गाडीत असाव्यात. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर लेकराबाळांचा जीव टांगू नये, एवढेच माझे म्हणणे.

टायर मोठा घालण्याची आणखी एक हौस असते. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल, आणि रिम १५ इंचांची. पुतण्याला दुकानदार २३५/७५ सुचवत होता. सातवीच्या गणिताने दोन्हींचा व्यास काढा. पहिल्याचा ७०३.५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७३३.५. चार टक्क्यांहून थोडा जास्त फरक. म्हणजे काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशे चारने पळत असेल. शिवाय चाक वळताना आत घासण्याची शक्यता, आणि अपघात झालाच तर विमावाल्याला बोट ठेवायला जागा. कंपनीने दिलेले माप बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायरच्या बाजूवर कितीतरी मजकूर असतो, तो कुणी वाचत नाही. वाचनाची सवय लावण्यात आम्ही मास्तर कमी पडलो असे कुणी म्हणेल, पण हा मजकूर आमच्या अभ्यासक्रमात नव्हता! मापानंतर १०० सारखा आकडा असतो. तो वजनाचा सांकेतिक आकडा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. त्यापुढचे अक्षर वेगाचे. 'क्यू' म्हणजे १६०, 'एस' म्हणजे १८०. आणि सगळ्यात महत्त्वाचा, एका लंबगोल चौकटीतला चार अंकी आकडा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नवा कोरा म्हणून चार वर्षे गोदामात पडलेला माल आपल्याकडे येतो की नाही, ते या आकड्यावरून कळते. माझ्या ओळखीच्या एकाला असेच चार वर्षांपूर्वीचे टायर 'ताजे' म्हणून मिळाले. त्याने आकडा वाचून दाखवताच दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिले. नक्षीच्या खाचेत ठराविक जागी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. कायद्याने चारचाकीच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. आपल्याकडे ती शून्याच्या खाली गेली तरी 'अजून एक पावसाळा निघेल' असे म्हणणारे आहेत.

मग ए.टी. टायर आपल्याकडे अजिबात नको का? नाही, तसे मी म्हणत नाही. एका कारणासाठी त्याला माझे मत आहे, पण ते कारण चिखल नव्हे. आपल्या वाटांवर पऱ्हाटीची आणि तुरीची खुंटे असतात, कापून तिरपी, भाल्यासारखी. वेड्या बाभळीचे काटे असतात. मुरूम टाकला की त्यातले धारदार दगड असतात. साध्या टायरची बाजू यात फाटते, आणि बाजू फाटली की पंक्चर निघत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. चांगल्या ए.टी.ची बाजू आणि खांदा जाड असतो. तेव्हा ज्याचे रोजचे जाणे-येणे शेतात आहे, त्याने कंपनीच्याच मापाचा, सौम्य नक्षीचा ए.टी. घ्यावा. ठोकळे जवळजवळ असलेला, मधली पट्टी सलग असलेला. चारही एकाच जातीचे. आणि स्टेपनीही तशीच. मागे दोन चिखलाचे आणि पुढे दोन जुने गुळगुळीत, असे अर्धनारीनटेश्वर करू नये. दर टायरमागे दीड-दोन हजारांचा फरक आमच्या दुकानदाराने सांगितला, तो खुंटांपासूनच्या रक्षणासाठी द्यायला हरकत नाही. ज्याचे शेतात जाणे फक्त वेळा अमावस्येला आणि हुरड्याला, त्याने साधा एच.टी. घेऊन उरलेल्या पैशात घरच्यांना माहूरला न्यावे.

आणि चिखलाचे काय? चिखलाचे उत्तर 'वाफसा' या एका शब्दात आहे. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना ओली ना कोरडी, मूठभर माती दाबली तर ढेकूळ होते पण हाताला चिकटत नाही, त्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो. वाफसा आल्याशिवाय कुणी तिफण धरत नाही, पाळी घालत नाही. मग गाडी का घालावी? ओल्या काळ्या रानात चाक गेले की माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि ती चाकोरी पुढच्या हंगामापर्यंत दगडासारखी राहते. त्या पट्ट्यातले सोयाबीन पाहा, वीतभर मागे राहते. वाटेवरही तेच. एकाने ओल्यात चाकोरी पाडली की तिच्यात पाणी साचते, दुसरा ती टाळायला शेजारच्या धुऱ्यावर चढतो, आणि मग भांडण सुरू.

पण काही वेळा वाफशाची वाट पाहता येत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी ऑगस्टात आमच्या शेजारच्या आखाड्यावर सालगड्याच्या बायकोला रात्री कळा सुरू झाल्या. पाऊस कोसळत होता. रुग्णवाहिका डांबरापर्यंत आली, पुढे येणे शक्यच नव्हते. एकाने आपली जाड नक्षीची जीप उत्साहाने आत घातली, ती ओढ्याअलीकडे आडवी झाली आणि तिने वाटच अडवली. शेवटी ट्रॅक्टर रानातून वळसा घेऊन नेला, ट्रॉलीत कडबा, त्यावर गोधड्या, वर ताडपत्री धरून चार माणसे. तीन किलोमीटरला दीड तास लागला. बाई सुखरूप, मुलगी झाली. ती पोरगी आता अंगणवाडीत जाते. पण त्या दीड तासात त्या बाईला जे सोसावे लागले, त्याचा हिशोब कुठल्या नक्षीच्या टायरने चुकता होणार आहे?

मला सारखे वाटते, की आपण टायरकडून रस्त्याचे काम मागतो आहोत. परवडते म्हणून एकेकजण आपापल्या चाकांवर पैसे घालतो, आणि वाट मात्र तशीच. पांदण रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या पैशातून. २०२५ मध्ये शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी, असा शासनाचा निर्णय झाला. महसूल कायद्याचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा तर जुनेच आहेत. कायदा भरपूर आहे. अडते ते धुऱ्यावर. दोन सख्खे भाऊ तीन फुटांसाठी तहसीलला खेपा घालतात, आणि दोघांचीही गाडी त्याच ओढ्याजवळ रुतते.

आणि काळ्या मातीवर रस्ता करायचा तर नुसता मुरूम ओतून भागत नाही. पहिल्याच पावसाळ्यात माती वर येते आणि मुरूम खाली जातो, हे गावोगाव पाहायला मिळते. आधी दोन्ही अंगांना चर हवेत. पाणी निघून गेले नाही तर फुगणारी माती कशालाच जुमानत नाही. वरची माती काढून, जमले तर चुन्याची प्रक्रिया करून, मग मुरमाचा जाड थर, दाबून, आणि मधे उंच, कडेला उतरता. चर खोदायचे म्हटले की आणखी दोन फूट जमीन जाते, आणि पुन्हा धुऱ्याचे भांडण.

पुतण्याने शेवटी कंपनीच्या मापाचेच सौम्य ए.टी. टायर घेतले. पाचही. हवेचा पंप घेतला, ट्रॅक्टरला बांधायचा जाड दोर घेतला, आणि डांबराच्या कडेला, पहिल्या मुरमाड पट्टीवर पत्र्याचे एक शेड टाकले. पावसाळ्यात गाडी तिथे लागते. पुढे गमबूट. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, गोदावरीकाठ पाण्याखाली गेला, त्या दिवसांत गाडी त्या शेडमध्येच कोरडी उभी होती.

आमच्या पांदणीच्या अर्जावर सव्वीस खातेदारांपैकी चोवीस जणांच्या सह्या झाल्या आहेत. उरलेल्या दोघांपैकी एक माझा जुना विद्यार्थी. त्याच्याकडे मी दोनदा जाऊन आलो. चहा छान पाजतो, सही मात्र "बघू गुरुजी, दिवाळीनंतर" म्हणतो. मोजणीची फी भरून झाली आहे, तारीख अजून आलेली नाही.